रुग्णांच्या सामाजिक गरजा भागवणाऱ्या उपक्रमांचे मूल्यमापन कसे करावे

नोंदवहीतली एक ओळ डोळ्यांसमोर आणावी. गरज: अन्नधान्य. कार्यवाही: मदत करणाऱ्या संस्थेचा पत्ता व फोन नंबर दिला. स्थिती: पूर्ण. तीन आठवड्यांनी त्याच बाईंना फोन केला, तर त्या सांगतात की संस्थेचे काम सकाळी थोडाच वेळ चालते, त्या वेळी त्या कामावर असतात, आणि एकदा खाडा करून गेल्या तेव्हा आणखी एक कागद आणायला सांगितले गेले. त्यानंतर त्या गेल्याच नाहीत. उपक्रमाच्या हिशेबी गरज भागली, घरातला डबा मात्र रिकामाच राहिला. अशा उपक्रमाचे मूल्यमापन करायला बसणाऱ्याने सगळ्यात आधी त्या ‘पूर्ण’ शब्दावर बोट ठेवावे आणि तो कोणी, कधी व कशाच्या आधारे लिहिला हे विचारावे.

रुग्णाला अन्न, निवारा, प्रवासाची सोय, वीज-पाणी, घरातील सुरक्षितता यांपैकी कशाची उणीव आहे हे विचारणे आणि ती भरून काढायला मदत करणे, हे काम आता अनेक आरोग्यव्यवस्थांनी अंगावर घेतले आहे. त्यामागचे कारण पक्के आहे. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की रक्तातील साखर एकदम खाली गेल्यामुळे होणाऱ्या भरतीचे प्रमाण कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील लोकांमध्ये महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होते, आणि चांगल्या उत्पन्नाच्या वस्त्यांत अशी वाढ नव्हती. औषध तेच आणि मात्राही तीच असताना महिनाअखेरीस ताटात अन्न कमी पडले की तेच औषध अंगावर उलटते. पण कारण पक्के असले म्हणून त्यावर केलेला प्रत्येक उपाय लागू पडतोच असे नाही, आणि तो लागू पडला की नाही हे प्रामाणिकपणे शोधून काढणे, हेच मूल्यमापनाचे काम आहे.

आधी प्रश्न, मग आकडे

बहुतेक मूल्यमापनांची सुरुवात चुकते ती इथे. संगणकात जी माहिती आधीच साठलेली असते तिच्यापासून लोक सुरुवात करतात आणि तिच्यातून काय सांगता येईल ते शोधत बसतात. त्याऐवजी या मूल्यमापनाच्या निष्कर्षावरून कोण कोणता निर्णय घेणार आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. उपक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा हा निर्णय असेल, तर परिणामाचा आणि खर्चाचा प्रश्न पुढे येतो. तो दुसऱ्या दवाखान्यांत न्यायचा असेल, तर तो कोणत्या परिस्थितीत चालला आणि कुठे अडला हे महत्त्वाचे ठरते. आणि उपक्रम सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले असतील, तर परिणाम मोजण्याची घाई न करता कामकाज आखल्याप्रमाणे होते आहे का, एवढेच तपासणे शहाणपणाचे. चार महिन्यांच्या बाळसेही न धरलेल्या उपक्रमाला ‘यामुळे भरती किती टक्क्यांनी घटली’ असे विचारणे हा त्या उपक्रमावरही अन्याय आहे आणि रुग्णांवरही.

आपला उपक्रम नेमके काय करतो, हेही याच टप्प्यावर स्पष्ट करून घ्यावे. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१९ सालच्या अहवालात आरोग्यव्यवस्थेच्या अशा कामांचे पाच प्रकार मांडले आहेत. रुग्णाची परिस्थिती जाणून घेणे, ती ध्यानात घेऊन उपचारांत बदल करणे, गरज भागवायला प्रत्यक्ष साहाय्य करणे, स्थानिक संस्थांशी कामाची सांगड घालणे आणि धोरणबदलासाठी आग्रह धरणे, असे ते पाच होत. यांतला दुसरा प्रकार मूल्यमापनात हमखास विसरला जातो. फ्रिज नसलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांनी इन्सुलिनचा प्रकार बदलला किंवा गाडीभाडे परवडत नाही म्हणून दोन तपासण्या एकाच दिवशी ठेवल्या, तर त्या रुग्णाला मोठी मदत झाली. पण कोणत्याही संस्थेकडे पाठवणी झालेली नसल्यामुळे ती कुठेच मोजली जात नाही. आपल्या उपक्रमात असे बदल होत असतील, तर केसपेपरवर त्यांच्यासाठी वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा.

साखळी लिहून काढा

रुग्णाला प्रश्न विचारल्यापासून त्याची तब्येत सुधारेपर्यंत मध्ये बऱ्याच कड्या आहेत. प्रश्न विचारला गेला पाहिजे, रुग्णाने खरे उत्तर दिले पाहिजे, त्याला मदत हवी असली पाहिजे, त्याची गाठ योग्य माणसाशी पडली पाहिजे, त्या माणसाने योग्य ठिकाणी धाडले पाहिजे, तिथे प्रत्यक्षात काहीतरी मिळाले पाहिजे, मिळालेले पुरेसे असले पाहिजे, आणि शेवटी त्याचा आरोग्याशी संबंध असला पाहिजे. ही साखळी उपक्रमातील माणसांसोबत बसून कागदावर उतरवावी. दारावर नाव घेणारी परिचारिका आणि फोन करणारा कार्यकर्ता यांना त्या बैठकीत आवर्जून बसवावे, कारण साखळी कुठे तुटते हे त्यांना ठाऊक असते.

प्रत्येक कडीला एक आकडा जोडावा. समजा, एका तिमाहीत ओपीडीत १,००० रुग्ण आले. त्यांपैकी ७०० जणांना प्रश्न विचारले गेले, २१० जणांनी निदान एक गरज सांगितली, १२० जणांना मदत हवी होती, ९० जणांशी कार्यकर्त्याचे बोलणे झाले, ५० जण संस्थेपर्यंत पोहोचले आणि ३० जणांना खरोखर काही मिळाले. आता हा उपक्रम परिणामकारक आहे का, हा प्रश्न वरवरचा वाटू लागतो. कारण हजारांतल्या तीस जणांना मिळालेल्या मदतीचा ठसा संपूर्ण दवाखान्याच्या भरतीच्या आकड्यांवर उमटणे जवळपास अशक्य आहे. आणि तो उमटला नाही म्हणून अन्नाची मदत निरुपयोगी ठरत नाही. ज्यांना प्रश्नच विचारले गेले नाहीत ते ३०० जण कोण होते, हा त्याहून कामाचा प्रश्न आहे. ते संध्याकाळी येणारे मजूर होते का, वेगळी भाषा बोलणारे होते का, की इतके आजारी होते की अर्ज भरण्याची ताकदच नव्हती? या मांडणीत नेहमी टक्केवारीसोबत छेद लिहावा. ‘८० टक्के रुग्णांना मदत मिळाली’ हे वाक्य कोणत्या शंभरांतले ऐंशी ते सांगितल्याशिवाय अहवालात येऊच देऊ नये.

ग्लासगो नावाचे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेली री-एम नावाची चौकट इथे उपयोगी पडते. उपक्रम किती जणांपर्यंत पोहोचला, त्याचा परिणाम काय, किती दवाखान्यांनी व कर्मचाऱ्यांनी तो स्वीकारला, आखल्याबरहुकूम राबवला गेला का आणि पुढे टिकला का, असे पाच प्रश्न ती विचारते. चौकट कोणतीही घेतली तरी चालेल. साखळीतली एकही कडी न मोजलेली राहू नये, यासाठीच तिचा उपयोग करायचा.

गरज मोजण्याची रीत

स्वतःचे प्रश्न स्वतः तयार करण्याचा मोह टाळावा. ज्यांची पारख आधी झाली आहे असे प्रश्न उपलब्ध आहेत. अन्नाच्या असुरक्षिततेसाठी ‘हंगर व्हायटल साइन’ ही अवघ्या दोन प्रश्नांची पद्धत आहे: गेल्या बारा महिन्यांत, पैसे हाती येण्याआधीच अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणि घेतलेले अन्न पुरले नाही व आणखी घ्यायला पैसे नव्हते असे झाले का. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत १८ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीच्या तुलनेत या दोन प्रश्नांनी अन्नाची टंचाई असलेल्या कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे ओळखली, आणि टंचाई नसलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना बरोबर वगळले. मात्र दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नये. ज्या लोकांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यातल्याच काही जणांना ते वाचून दाखवावेत आणि ‘याचा अर्थ तुम्हाला काय वाटला?’ असे विचारून मगच ते पक्के करावेत.

या प्रश्नांत एक अडचण दडलेली आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. प्रश्न ‘गेल्या बारा महिन्यांत’ असा असेल आणि पाठपुरावा तीन महिन्यांनी होणार असेल, तर मदत पूर्णपणे पोहोचलेला माणूसही ‘हो’ असेच उत्तर देईल, कारण आधीचे नऊ महिने त्या बारांत येतातच. उपक्रम यशस्वी असूनही आकडा हलणार नाही. म्हणून सुरुवातीला आणि पाठपुराव्याला, दोन्ही वेळा, कालावधी ‘गेल्या ३० दिवसांत’ असा ठेवावा. प्रश्नाची शब्दरचना, क्रम आणि विचारण्याची पद्धतही तीच असावी. सुरुवातीचे प्रश्न टॅबवर आणि नंतरचे फोनवर विचारले, तर दिसलेला फरक गरजेतला आहे की लाजेतला, हे सांगता येत नाही. लोक पडद्यावर जे कबूल करतात ते अनोळखी आवाजाला सांगतीलच असे नाही.

गरज असणे आणि मदत हवी असणे या दोन गोष्टी वेगळ्या विचाराव्यात. घराचे भाडे थकलेले असूनही ‘मला तुमची मदत नको’ म्हणणारे बरेच असतात, आणि त्यामागे भीती, आधीचा वाईट अनुभव किंवा दुसरीकडून सुरू असलेली मदत अशी निरनिराळी कारणे असतात. नकार देणाऱ्यांपैकी काही जणांशी कारणांबद्दल आदराने बोलावे. उपक्रमाचे अनेक दोष तिथेच कळतात. घरातील हिंसेचा प्रश्न कधीही सोबतच्या नातेवाइकांसमोर विचारू नये. त्याच्या उत्तराची नोंद सोबतच्या माणसाला दिसेल अशा कागदावर करू नये, आणि पाठपुराव्याचा फोन करताना आधी ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ असे विचारूनच पुढे बोलावे. मूल्यमापनासाठी माहिती हवी म्हणून कोणाच्याही सुरक्षिततेशी तडजोड करता येत नाही.

तुलनेशिवाय निष्कर्ष नाही

या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त दिशाभूल कशाने होत असेल, तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करणाऱ्या दोन स्तंभांच्या आलेखाने. म्हणून इथे जरा थांबतो.

वारंवार भरती होणारे रुग्ण निवडून त्यांना मदत देणारे उपक्रम घ्या. माणूस सर्वांत वाईट अवस्थेत असताना आपण त्याची निवड करतो. त्या सहा महिन्यांत तो चार वेळा भरती झाला म्हणूनच यादीत आला. पुढच्या सहा महिन्यांत त्यातला बराच भाग आपोआप ओसरतो, कारण दुखणे चढते तसे उतरतेही. याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणे म्हणतात. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथील उपक्रमाने नेमक्या याच रुग्णांसाठी काम उभे केले होते आणि सुरुवातीचे आकडे पाहून त्याची देशभर वाहवा झाली होती. कौतुकाची गोष्ट ही, की त्या संस्थेनेच पुढे होऊन कडक कसोटी मागितली. ८०० रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दोन गटांत विभागले गेले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले: १८० दिवसांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण उपक्रमातल्या गटात ६२.३ टक्के आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ६१.७ टक्के होते. भरती दोन्ही गटांत सारखीच घटली होती. दुसरा गट नसता, तर ती सगळी घट उपक्रमाच्या नावावर जमा झाली असती.

मधुमेहातही हेच दिसते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८ टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या आणि अन्नाची चणचण असलेल्या रुग्णांसाठी घरच्या सर्वांना आठवड्याला दहा जेवणे पुरतील एवढा सकस शिधा, शिवाय आहारतज्ज्ञांचा सल्ला, असा भरगच्च उपक्रम एका अमेरिकी आरोग्यव्यवस्थेने चालवला. २०२३ अखेरीस प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत सहा महिन्यांनी उपक्रमातल्या रुग्णांचे एचबीए१सी १.५ अंकांनी उतरलेले आढळले. एवढी घट पाहून कोणीही हुरळून जाईल. पण प्रतीक्षा यादीतल्या गटाचेही १.३ अंकांनी उतरले होते, आणि दोहोंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. वाढलेली साखर पाहूनच निवड केली, की पुढच्या तपासणीत ती थोडी उतरलेली दिसणारच.

तुलनेचा गट उभा करायचा म्हणजे काही गरजूंना मदत नाकारायची का, ही शंका रास्त आहे आणि ती मनापासून विचारली जाते. पण वस्तुस्थिती बहुधा अशी असते, की मदत शंभर जणांपुरती असते आणि गरजू तीनशे असतात. दोनशे जणांना तसेही थांबावे लागणार असते. मग जो आधी आला त्याला, किंवा ज्याची ओळख आहे त्याला, मदत देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवणे अधिक न्याय्य आहे, आणि त्यातून तुलनेचा गट आपोआप मिळतो. थांबलेल्यांना रिकाम्या हाती पाठवू नये; त्यांना निदान माहितीपत्रक द्यावे. सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड येथील मुलांच्या दवाखान्यांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असेच केले होते. १,८०९ कुटुंबांपैकी काहींना मदतनीस, म्हणजे योग्य संस्थेपर्यंत पोहोचायला मदत करणारा माणूस, मिळाला आणि बाकीच्यांना छापील माहिती. चार महिन्यांनी मदतनीस मिळालेल्या कुटुंबांच्या गरजा कमी झाल्या होत्या आणि मुलांची तब्येत बरी असल्याचे पालकांनी सांगितले. पुढे २०२० साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत छापील माहिती त्या त्या कुटुंबाच्या गरजेनुसार निवडून दिली गेली, तेव्हा दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात ठळक फरक उरला नाही. म्हणजे तुलनेच्या गटाला नेमके काय मिळाले, हे आपल्या उपक्रमाच्या वर्णनाइतकेच बारकाईने लिहून ठेवावे लागते; ‘नेहमीची सेवा’ एवढे दोन शब्द त्यासाठी पुरेसे नाहीत.

चिठ्ठ्या टाकणे शक्य नसेल तर इतर वाटा आहेत. दहा दवाखान्यांत उपक्रम टप्प्याटप्प्याने सुरू होणार असेल, तर कोणाचा क्रम कधी हे सोडतीने ठरवावे. ज्यांची पाळी अजून आली नाही ते तोपर्यंत तुलनेसाठी उपयोगी पडतात. पात्रतेची गुणांची मर्यादा ठरलेली असेल, तर त्या मर्यादेच्या जरा वरचे आणि जरा खालचे रुग्ण एकमेकांशी ताडून पाहता येतात. तेही नसेल, तर उपक्रम नसलेल्या सारख्याच दवाखान्यातील त्याच काळातील बदल आणि आपल्याकडचा बदल यांतला फरक पाहावा. एक गोष्ट मात्र करूच नये, ती म्हणजे मदत स्वीकारणाऱ्यांची तुलना नाकारणाऱ्यांशी. फोन उचलणारा, वेळेवर येणारा, कागदपत्रे जपून ठेवणारा माणूस उपक्रम नसतानाही थोडाफार बरा राहिलाच असता. ज्यांना मदत देऊ केली त्या सगळ्यांना, त्यांनी ती घेतली असो वा नसो, एकाच गटात मोजावे. कॅलिफोर्नियातील कॉन्ट्रा कोस्टा परगण्यात ५७,९७२ जणांवर झालेली, २०२२ साली प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी याच रीतीने मोजली गेली. देऊ केलेल्यांपैकी अनेकांनी सेवा घेतलीच नव्हती, तरीही रुग्णालयातील भरतीत सुमारे ११ टक्क्यांची घट दिसली, आणि ती घट विश्वासाने सांगता आली.

कोणता परिणाम, किती काळाने

रुग्णालयातील भरती आणि तातडीच्या विभागातील फेऱ्या हे आकडे सहज मिळतात, म्हणून त्यांनाच यशाचे माप मानले जाते. माझ्या मते हे माप एकटे कधीही पुरेसे नाही. प्रवासाची सोय झालेला रुग्ण सुरुवातीला दवाखान्यात जास्त वेळा येईल, राहून गेलेल्या तपासण्या करून घेईल, एखादी पुढे ढकललेली शस्त्रक्रियाही उरकेल. खर्च वाढेल, आणि तो वाढणे हेच उपक्रमाचे यश असेल. म्हणून परिणाम गरजेच्या जवळचा निवडावा. अन्नाच्या मदतीसाठी महिनाअखेरीस साखर खाली जाण्याचे प्रसंग, घराच्या मदतीसाठी सहा महिन्यांत किती वेळा घर बदलावे लागले, प्रवासाच्या मदतीसाठी किती भेटी चुकल्या. आणि प्रत्येक बाबतीत सर्वांत आधी, गरज भागली का, हे रुग्णाच्याच तोंडून.

अमेरिकेच्या संघीय आरोग्यविमा यंत्रणेने २०१७ साली सुरू केलेल्या ‘अकाउंटेबल हेल्थ कम्युनिटीज’ या मोठ्या उपक्रमाने घर, अन्न, प्रवास, वीज-पाणी आणि व्यक्तिगत सुरक्षितता अशा पाच गरजांसाठी दहा लाखांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले. एक तरी गरज असलेल्या आणि वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा तातडीच्या विभागात आलेल्यांना मदतनीस देऊ केला गेला. मूल्यमापनात तातडीच्या विभागातील फेऱ्या कमी झालेल्या आढळल्या. पहिल्या वर्षी मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) एका गटात ही घट ९ टक्के होती. परंतु त्याच मूल्यमापनकर्त्यांनी साखळीतल्या मधल्या कड्याही मोजल्या होत्या, आणि तिथे मदतनिसामुळे लोक संस्थांशी जास्त जोडले गेले किंवा त्यांच्या गरजा जास्त सुटल्या असे दिसले नाही. फेऱ्या कमी होण्याची वाट आखलेल्या वाटेपेक्षा वेगळी होती. कोणीतरी नियमित विचारपूस करते, कुठे जायचे ते सांगते, यानेच काही फरक पडला असेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. केवळ शेवटचा आकडा मोजला असता तर तो विचारण्याचे कारणच कोणाला दिसले नसते, आणि पुढचा उपक्रम चुकीच्या कडीवर पैसा ओतत राहिला असता.

त्या उपक्रमात मधली कडी का अडली, याचे उत्तर बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाच्या भिंतीबाहेर सापडते. स्वस्त घरेच नसतील, तर कितीही कुशल मदतनीस घर कुठून आणणार? म्हणून ज्या संस्थांकडे रुग्ण पाठवायचे त्यांनाही मूल्यमापनात सामील करावे. त्यांच्याकडे किती जण आले, किती जणांना परत पाठवावे लागले, प्रतीक्षा किती दिवसांची आहे, आपल्या उपक्रमामुळे त्यांच्यावर किती काम वाढले आणि त्यासाठी त्यांना काही मोबदला मिळतो का, याची नोंद घ्यावी. आपल्या रुग्णाला मिळालेली शिध्याची पिशवी दुसऱ्या कोणाची तर कमी झाली नाही ना, हे पाहणेही मूल्यमापनकर्त्याचे कर्तव्य आहे.

निसटलेले रुग्ण

सहा महिन्यांनी फोन करायला बसल्यावर निम्मे नंबर बंद असतात. हे निम्मे लोक सर्वसाधारण नसतात. ज्यांचे घर सुटले त्यांचाच पत्ता बदलतो, ज्यांचे पैसे संपले त्यांचाच फोन बंद पडतो. उरलेल्यांची सरासरी काढली की उपक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसू लागतो. यावर इलाज सुरुवातीलाच करावा लागतो: नाव नोंदवताना, रुग्णाच्या संमतीने, आणखी दोन माणसांचे संपर्क घ्यावेत, पाठपुरावा फोन, भेट आणि पुढची ओपीडी अशा तिन्ही मार्गांनी करावा, मुलाखतीच्या वेळेचा मोबदला द्यावा. एवढे करूनही जे सापडत नाहीत, त्यांची सुरुवातीची माहिती सापडलेल्यांशी ताडून दोन्ही स्तंभ अहवालात शेजारी शेजारी छापावेत.

रुग्णसंख्येचा हिशेबही आधी करावा. पुन्हा भरतीचे प्रमाण २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले तर ते ओळखता यावे, असे वाटत असेल, तर रूढ गृहीतकांनुसार प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. दीडशे रुग्णांच्या उपक्रमात भरतीतला फरक दिसला नाही, तर त्यावरून ‘उपयोग नाही’ असे म्हणता येत नाही. एवढ्या रुग्णांत तो दिसणे शक्यच नव्हते. अशा छोट्या उपक्रमाने गरज भागली का, रुग्णांचा अनुभव कसा होता आणि साखळी कुठे अडली, एवढ्यावरच लक्ष केंद्रित करावे.

सरासरीच्या पोटात कोण दडले आहे, तेही उघडून पाहावे. स्त्रिया, वृद्ध, अपंग, स्थलांतरित, वेगळी भाषा बोलणारे यांच्यासाठी साखळीचे आकडे वेगवेगळे मांडावेत. आणि आकड्यांसोबत पंधरा-वीस सविस्तर मुलाखती घ्याव्यात. त्यांत मदत मिळालेल्यांइतकेच न मिळालेलेही असावेत. ‘प्रश्न विचारले आणि नंतर कोणी फिरकलेच नाही’ हे वाक्य ऐकावे लागेल. न भागणारी गरज उघड करायला लावणे हा रुग्णाला झालेला त्रास आहे, आणि दुष्परिणाम म्हणून त्याची नोंद व्हायलाच हवी.

खर्च आणि अहवाल

खर्चाचा हिशेब मांडताना तो कोणाच्या बाजूने मांडला आहे हे पहिल्या ओळीत लिहावे. रुग्णालयाचा वाचलेला पैसा, विमा देणाऱ्याचा वाचलेला पैसा आणि रुग्णाच्या कुटुंबाचा वाचलेला पैसा हे तीन वेगळे हिशेब आहेत. मदतनिसांचे पगार, प्रशिक्षण आणि संगणकप्रणाली यांच्यासोबत स्थानिक संस्थेने सोसलेला खर्चही धरावा. पैसे वाचले नाहीत म्हणून उपक्रम फसला, ही कसोटी आपण हृदयाच्या शस्त्रक्रियेला लावत नाही; भुकेल्या रुग्णाच्या जेवणालाही ती लावण्याचे कारण मला दिसत नाही. वाजवी खर्चात आरोग्य सुधारते का, एवढेच विचारावे.

कोणता परिणाम मुख्य मानणार, कधी मोजणार आणि कोणत्या गटाशी ताडणार, हे माहिती हाती येण्याआधी लिहून, तारीख घालून, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावे. नंतर वीस आकड्यांतून एक चांगला आकडा शोधून काढण्याची इच्छा कितीही चांगल्या माणसाला होते, आणि त्या वेळी हा कागदच आडवा येतो. अहवालाचा मसुदा तयार झाला की तो आधी मदतनिसांना आणि काही रुग्णांना वाचून दाखवावा. नोंदवहीत ‘स्थिती’ या रकान्याच्या जागी तीन रकाने करावेत: माहिती दिली ती तारीख, संस्थेने मदत दिल्याचे कळवले ती तारीख, आणि ‘गरज भागली का?’ या प्रश्नाला रुग्णाने दिलेले उत्तर व ते विचारले ती तारीख. तिसरा रकाना रिकामा असेल तोवर ती ओळ उघडीच ठेवावी, आणि दर सोमवारी उघड्या ओळींची यादी काढून फोन करायला बसावे.